परवानगी आहे, पण वॉर्डाची साथ नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनीच बदलायला हवी, की चांगल्या फोमची गादी असेल तर चार तासांनी बदलली तरी चालते, हे तुम्हाला शोधायचं आहे. चिठ्ठीने रुग्णांचे दोन गट करून कोणत्या गटात किती बेडसोअर (सतत दाब राहिल्याने त्वचेला होणाऱ्या जखमा) होतात ते तुम्ही मोजताय. चार वॉर्ड घेतले, एथिक्स कमिटीची (संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळाली, रुग्णालयाच्या प्रमुखांनी पत्र दिलं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. सगळं रीतसर. तरीही अपेक्षेच्या निम्मेच रुग्ण अभ्यासात आले, फॉर्म अर्धवट भरून येतात आणि विचारलं की "वेळ मिळत नाही" एवढंच उत्तर मिळतं. आता तुम्ही विचारताय की कर्मचाऱ्यांना अभ्यासाचं महत्त्व कसं पटवून द्यायचं, आणि प्रत्येक भरलेल्या फॉर्ममागे मानधन ठेवलं तर फरक पडेल का.

मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते आणि आता अभ्यास समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे तुमची घालमेलही कळते आणि वॉर्डाचं मौनही. माझ्या मते महत्त्व पटवण्याचा प्रश्नच इथे नाही. बेडसोअर काय असतो ते त्या सिस्टरना पुरेपूर माहीत आहे. ड्रेसिंग त्या करतात, रुग्णाचं कण्हणं त्या ऐकतात, नातेवाइकांचा राग त्यांच्यावर निघतो. अडचण अशी आहे की प्रश्न कोणता, गट कोणते, नोंद कशी आणि कोणी करायची हे सगळं ठरून गेल्यावर तुम्ही त्यांच्याकडे गेलात. त्यांच्या वाट्याला फक्त काम आलं. प्रमुखांच्या पत्राने तुम्हाला वॉर्डाच्या दारातून आत जाता येतं. पण अभ्यास होणार आहे तो रात्री तीन वाजता वॉर्ड सांभाळणाऱ्या दोघींच्या हातून, आणि त्यांचं मत अजून कोणी विचारलेलं दिसत नाही.

पुढचं सगळं वाचताना एक लक्षात ठेवा. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. नव्या औषधाची चाचणी असेल तर नियम कडक असतात, प्रायोजकाचे निरीक्षक येतात, फॉर्ममधली एक ओळ वगळायलाही कारण द्यावं लागतं. तुमच्यासारख्या, रोजच्याच कामातल्या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासात बरीच मोकळीक असते. अतिदक्षता विभागात एका सिस्टरकडे एक-दोन रुग्ण असतात, सर्वसाधारण वॉर्डात कितीतरी जास्त, त्यामुळे एकीकडे जमलेलं दुसरीकडे जमेलच असं नाही. शिवाय तुमचा अभ्यास सुरू झालेला आहे. आता प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या मंजूर लेखी आखणीत, काहीही बदलायचं तर एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मंजूर करून घ्यावी लागेल. ते करण्यासारखं आहे असंच माझं मत आहे, पण त्यात काही आठवडे जातील हे धरून चला.

सुरुवात फॉर्मपासून करू. आलेल्या फॉर्मचा गठ्ठा घ्या आणि फक्त वेळेचा रकाना बघा. ८:००, १०:००, १२:००, २:०० असे गोल आकडे ओळीने दिसतात का? एका पाळीतल्या सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच दमात लिहिल्यासारख्या वाटतात का? तसं असेल तर तो फॉर्म पाळी संपताना आठवणीतून भरलेला आहे. खऱ्या वॉर्डात कूस ८:१० ला बदलते, मग मध्येच कोणाला तरी दम लागतो आणि पुढची वेळ १०:५० होते. नोंद घडल्या वेळीच व्हावी, ही संशोधनातल्या नोंदींची पहिली अट. तुमच्या प्रश्नात तर वेळेचं अंतर हाच मुद्दा आहे. म्हणजे अर्धवट फॉर्मपेक्षा हे नीटनेटके भरलेले फॉर्म तुम्हाला जास्त महागात पडू शकतात, कारण ते कोऱ्या रकान्यांसारखे डोळ्यांत येत नाहीत. यासाठी सिस्टरना दोष द्यायची घाई करू नका. घडल्या वेळी लिहिणं कोणाला शक्य होतं का, हे आधी बघा.

त्यासाठी वॉर्डात जाऊन बसा. सकाळची पाळी, दुपारची आणि रात्रीचीसुद्धा. हातात वही नको, फक्त बघा. फॉर्म कुठे ठेवलाय? सिस्टरच्या टेबलावर, की रुग्णाच्या पलंगाला? कूस प्रत्यक्षात कोण बदलतं? बहुतेक वॉर्डांत एक सिस्टर आणि एक मदतनीस मिळून बदलतात, आणि गर्दीच्या वेळी दोन मदतनीसच ते काम उरकतात. मग ज्यांनी कूस बदलली त्यांना फॉर्मवर सही करायचा अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार आहे त्या त्या क्षणी दुसऱ्या टोकाला सलाइन लावत आहेत, असं चित्र दिसतं. तुमच्या प्रशिक्षणाला मदतनीस होते का? नसतील, तर कूस बदलणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना अभ्यास चालू आहे हेच माहीत नसेल.

आता वेळेचा हिशेब करू. एकदा कूस बदलल्यावर वेळ, बाजू, त्वचेची स्थिती, गादीचा क्रमांक, सही एवढं लिहायला दोन मिनिटं धरा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसात १२ वेळा, म्हणजे एका रुग्णामागे २४ मिनिटं. चार तासांच्या गटात त्याच्या निम्मी, १२ मिनिटं. वॉर्डात अभ्यासातले आठ रुग्ण असतील, चार या गटात आणि चार त्या, तर दिवसाला १४४ मिनिटं झाली. जवळजवळ अडीच तास नुसतं लिहिण्यात. हे अडीच तास कुठून आणायचे, याचं उत्तर प्रोटोकॉलमध्ये नाही, बजेटमध्येही नाही. "वेळ मिळत नाही" हे वाक्य तुम्ही सबब म्हणून ऐकताय. मला त्यात मोजमाप ऐकू येतं.

म्हणून फॉर्मच्या प्रत्येक रकान्यापुढे पेन्सिलीने लिहा, की हा आकडा तुमच्या विश्लेषणात कोणत्या तक्त्यात जाणार आहे. ज्यापुढे काही लिहिता येत नाही तो रकाना काढून टाका. "असू दे, पुढे उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेल्या रकान्यांची किंमत वॉर्ड मोजत असतो. त्यानंतर उरलेल्यांतलं काय काय आधीच कुठे लिहिलं जातं ते शोधा. रुग्ण दाखल झाल्यावर ब्रेडन स्केलवर धोका मोजला जात असेल (सहा मुद्दे, ६ ते २३ गुण), तर तो तुमच्या फॉर्मवर पुन्हा कशाला मागायचा? केस पेपरमधून तुमच्या माणसाने उतरवून घ्यावा. वय, निदान, दाखल झाल्याची तारीख यांचंही तसंच. माझ्या अंदाजाने पलंगाला अडकवलेला एक कागद, त्यावर वेळ, बाजू आणि आद्याक्षरं, एवढ्यात तुमचं काम भागेल. आद्याक्षरं मदतनिसांचीही चालतील अशी तरतूद करा, त्यांना तेवढं प्रशिक्षण द्या आणि कोणाला कोणतं काम सोपवलं याच्या यादीत त्यांची नावं घाला.

फॉर्म छोटा केला की अभ्यास हलका होतो, ही भीती मनातून काढा. कोविडवरचे उपचार तपासणारी ब्रिटनमधली रिकव्हरी चाचणी आठवा. मार्च २०२० मध्ये, रुग्णालयं कोविडने ओसंडून वाहत असताना ती सुरू झाली आणि १७० हून जास्त रुग्णालयं त्यात सामील झाली. वॉर्डातल्या माणसांकडून मागितलं होतं ते अगदी थोडं: रुग्णाला अभ्यासात घेताना एक छोटा फॉर्म आणि घरी जाताना, मृत्यू झाल्यास किंवा २८ व्या दिवशी दुसरा. बाकीची बरीच माहिती आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींतून घेतली. त्याच वर्षी १६ जूनला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल जाहीर झाला. २,१०४ रुग्णांना ते औषध दिलं होतं आणि ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. थकलेल्या माणसांना झेपेल एवढंच मागितलं, म्हणून इतके रुग्ण मिळाले आणि इतक्या लवकर उत्तर मिळालं.

फॉर्मचं असं झालं. रुग्ण निम्मेच का मिळाले, याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. चाचणी सुरू झाली की योग्य रुग्ण एकाएकी दुर्मीळ होतात आणि चाचणी संपली की पुन्हा दिसू लागतात, हा अनुभव इतका जुना आहे की लुई लसान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने तो "लसान्याचा नियम" म्हणूनच ओळखला जातो. आपण अंदाज बांधताना "वॉर्डात बेडसोअरचा धोका असलेले किती?" असं विचारतो. प्रत्यक्षात त्यातून सहमती देऊ न शकणारे, दोन दिवसांत घरी जाणारे, आधीच जखम असलेले, कंबरेचं हाड मोडल्यामुळे एका कुशीवर वळवताच न येणारे, असे सगळे गळत जातात. म्हणून स्क्रीनिंगचं रजिस्टर ठेवा: किती रुग्ण तपासले, किती घेतले, न घेतलेल्यांचं कारण काय. कारणं मोजल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. एकाच निकषावर निम्मे रुग्ण बाद होत असतील तर तो निकष खरंच लागतो का, हे इन-चार्ज सिस्टरबरोबर बसून तपासा.

त्या रजिस्टरात न दिसणारं एक कारण आहे, आणि तुमच्या अभ्यासात तेच सर्वांत मोठं असावं असा मला दाट संशय आहे. प्रत्येक सिस्टरला शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं: दर दोन तासांनी कूस बदला. परीक्षेत तेच लिहिलं, तपासणीला आलेल्यांनी तेच विचारलं, कूस बदलायची राहिली म्हणून बोलणी खाल्ली तीही याच नियमावरून. आता तुम्ही तिला सांगताय की या रुग्णाला चार तास हलवू नको. तिच्या दृष्टीने हा हलगर्जीपणा आहे, आणि तोही चिठ्ठीने वाट्याला आलेला. त्या रुग्णाला बेडसोअर झाला तर? केस पेपरवर सही तिची, चौकशी तिची. अशा वेळी माणूस वाद घालत नाही. जो रुग्ण जास्त नाजूक वाटतो त्याच्या नातेवाइकांशी अभ्यासाचा विषयच काढत नाही. रजिस्टरात "नातेवाईक उपलब्ध नव्हते" असं येतं आणि तुम्हाला रुग्ण मिळत नाहीत.

याच्यावर पोस्टर, स्मरणपत्रं यांचा काही उपयोग नाही. समोरासमोर बसून, पुरावा टेबलावर ठेवून बोलावं लागतं. तुमच्या विषयावर २०१३ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे, टर्न नावाचा. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधले ९४२ रहिवासी, सगळे जास्त घनतेच्या फोमच्या गाद्यांवर, सगळ्यांचा धोका मध्यम ते जास्त. दोन, तीन आणि चार तास असे गट केले होते. बेडसोअरच्या प्रमाणात गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. हे वॉर्डाला सांगा, पण त्याच्या मर्यादांसकट सांगा. अनुभवी सिस्टर लगेच विचारेल, "ते नर्सिंग होम होतं. आमचे रुग्ण तापलेले, रक्तदाब पडलेले असतात. आणि आपल्या गाद्या तशाच आहेत का? त्यातल्या काही मधोमध बसल्यात." हे प्रश्न तुमच्या अभ्यासाला मजबूत करणारे आहेत. दबलेल्या गादीवरच्या रुग्णाला चार तासांच्या गटात टाकलं, तर तुम्ही कूस बदलण्याचं अंतर तपासत नसून गादीचा दोष तपासताय. गाद्यांची तपासणी प्रोटोकॉलमध्ये आहे का? नसेल तर दुरुस्तीत ती घाला आणि ती सूचना कोणाकडून आली हेही लिहून ठेवा.

सिस्टरच्या हातात थांबवण्याचा अधिकार द्या, ही दुसरी दुरुस्ती. माकडहाड, टाच, नितंबाच्या हाडाचा उंचवटा इथे लाल दिसलं की बोटाने दाबून सोडायचं. जागा क्षणभर पांढुरकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा ठीक आहे. दाबल्यावरही लाली तशीच राहिली तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोअर. असं दिसल्यास सिस्टरने कोणालाही न विचारता रुग्णाला दोन तासांवर आणावं, फक्त वेळ आणि कारण लिहावं, आणि त्यासाठी तिला कोणी जाब विचारणार नाही, असं प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट शब्दांत हवं. विश्लेषणात तो रुग्ण ज्या गटात पडला होता त्याच गटात मोजा, म्हणजे तुलना बिघडत नाही. एवढी एक ओळ असली की चार तासांच्या गटात रुग्ण घालताना तिचा हात अडखळत नाही, कारण धोका दिसल्यावर काय करायचं ते तिच्या ताब्यात असतं.

इथे तुमच्या फॉर्मबद्दल आणखी एक गोष्ट. "त्वचा लाल: होय / नाही" असा रकाना ठेवल्याचं तुम्ही लिहिलंय. गडद त्वचेवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे हात लावून बघावं लागतं: शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा लिबलिबीत वाटते का, दाबल्यावर रुग्ण कळवळतो का. वॉर्डातल्या कोणत्याही जुन्या सिस्टरने फॉर्मचा मसुदा बघितला असता तर पहिल्याच वाचनात तिने हे सांगितलं असतं. आता गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये सुरुवातीचे बेडसोअर तुमच्या नोंदीतून निसटत असणार, आणि ही चूक कितीही आकडेमोड करून भरून निघणार नाही.

सहमतीबद्दल. रुग्णाची रोज सेवा करणाऱ्या व्यक्तीनेच सहमतीपत्र पुढे केलं, तर नाही म्हणणं रुग्णाला जड जातं. उद्या इंजेक्शन याच सिस्टरकडून घ्यायचंय, हे त्याच्या मनात असतं. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात अशा अवलंबून असलेल्या नात्यात विशेष काळजी घ्यायला आणि सहमती त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने घ्यायला सांगितलं आहे. तेव्हा विषय काढण्यापुरतं काम वॉर्डाकडे ठेवा, "असा एक अभ्यास चालू आहे, कोणी येऊन माहिती दिली तर चालेल का?" एवढंच. समजावून सांगणं आणि सही घेणं तुमच्या माणसाचं. यात वॉर्डाचा वेळही वाचतो, आणि नातेवाइकांनी "तुम्हीच तर म्हणाला होतात" असं म्हणण्याची वेळ सिस्टरवर येत नाही.

सहमतीचा हा विचार कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, याकडे फार थोडे संशोधक लक्ष देतात. तुमच्या फॉर्मवर वेळ आहे आणि सही आहे, म्हणजे कोणाच्या पाळीत कूस बदलायची राहिली हेही तुम्ही नोंदवताय. ती माहिती कोणाच्या हाती जाणार? एका रुग्णालयात असंच घडताना मी जवळून पाहिलं. अभ्यासासाठी गोळा केलेल्या नोंदी तिथल्या व्यवस्थापनाने मागवून घेतल्या आणि कोणाचे फॉर्म किती पूर्ण याचा नावानिशी तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लावला. पुढच्याच आठवड्यात सगळे फॉर्म शंभर टक्के भरून येऊ लागले. वेळा पुन्हा ८:००, १०:००, १२:००. त्या दिवसानंतरची एकही नोंद विश्वास ठेवण्यासारखी राहिली नाही, आणि त्या वॉर्डाने पुढच्या कोणत्याच अभ्यासाला मनापासून दार उघडलं नाही. तेव्हा मेट्रन आणि प्रशासन यांच्याकडून लेखी घ्या, की अभ्यासातली माहिती कोणाच्याही कामाच्या मूल्यमापनासाठी किंवा कारवाईसाठी वापरली जाणार नाही. तो कागद वॉर्डात सगळ्यांना दाखवा. विश्लेषणाच्या फाइलमध्ये नावांऐवजी सांकेतिक क्रमांक ठेवा. रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर तुम्ही गप्प बसू शकत नाही, हा अपवादही आधीच सांगून टाका.

आता मानधन. प्रत्येक फॉर्ममागे पैसे देऊ नका, आणि प्रत्येक रुग्णामागे तर अजिबात नको. फॉर्ममागे दिले तर फॉर्म भरतील, ते खरे असतील याची खात्री उरणार नाही. रुग्णामागे दिले तर अनिच्छेने मान हलवणाऱ्या नातेवाइकाकडून सही घेण्याचा मोह तयार होईल. पैसे वेळेसाठी द्या. दिवसातले काही तास एक सिस्टर फक्त अभ्यासाचं काम करेल, तिच्या जागी वॉर्डाला दुसरी मिळेल आणि त्याचा खर्च तुमच्या निधीतून जाईल, ही सर्वांत स्वच्छ व्यवस्था. निधी आधीच ठरून गेला असेल तर चारऐवजी दोन वॉर्डांवर आणा, पण तिथे ही व्यवस्था पक्की करा.

श्रेयाचंही आत्ताच बोलून घ्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष ठरवले आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखन किंवा त्याची चिकित्सक तपासणी, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि मजकुराची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. नुसते फॉर्म भरले म्हणून लेखक होता येत नाही, हे खरं. पण पहिला निकष ज्यांनी पूर्ण केला त्यांना उरलेले पूर्ण करण्याची संधी द्यावी, असंही तीच समिती सांगते. ज्या इन-चार्ज सिस्टरने फॉर्म दुरुस्त केला, गाद्यांचा मुद्दा काढला, निकष सुधारले, तिला मसुदा वाचायला पाठवा, मत मागवा. बाकीच्यांची नावं, त्यांच्या संमतीने, आभारात. कोण कुठे येणार हे आज कागदावर लिहा. शोधनिबंध पूर्ण झाल्यावर हे बोलणं दोन्ही बाजूंना अवघड होतं.

वॉर्डाला काय परत मिळतं, हा प्रश्न अभ्यास संपेपर्यंत थांबू शकत नाही. दर महिन्याला एक पान न्या: किती रुग्ण आले, किती नोंदी पूर्ण, कुठे अडतंय, तुमच्या सूचनेवरून काय बदललं. कोणत्या गटात किती बेडसोअर झाले हे मात्र मध्येच सांगू नका, नाहीतर पुढची निरीक्षणं त्या आकड्यांच्या प्रभावाखाली येतील. ते का सांगत नाही, हेही समजावा. वॉर्डाचं एकूण प्रमाण, गट न सांगता, द्यायला सहसा हरकत नसते, तरी तुमच्या सांख्यिकी तज्ज्ञाला विचारून घ्या. मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांनी रक्तवाहिनीतल्या नळीमुळे होणारे संसर्ग कमी केल्याचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळ्यांना त्यातल्या पाच मुद्द्यांच्या यादीसाठी माहीत असतो. तिथे सिस्टरना नियम मोडला गेल्यास डॉक्टरांचं काम थांबवण्याचा अधिकार होता आणि आपल्या विभागाचे संसर्गाचे आकडे त्या चमूंना नियमित मिळत होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

नुसत्या हुकमाने काय होतं याचंही उदाहरण आहे. शस्त्रक्रियेआधीच्या सुरक्षा यादीचा पहिला मोठा अभ्यास २००९ मध्ये आला. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात तीच पद्धत धोरण म्हणून लागू झाली आणि २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. कारणांवर तज्ज्ञांचं एकमत नाही. पहिल्या अभ्यासाची आखणी आणि रुग्णालयांची निवड यांचाही त्यात भाग असेल. पण वॉर्डातून आलेली व्यक्ती म्हणून मला एक कारण ओळखीचं वाटतं: वरून आलेल्या यादीवर खुणा करता येतात आणि त्या खुणांमागे काहीच घडलेलं नसतं.

मग सोमवारी काय करायचं? सर्वांत कमी रुग्ण देणाऱ्या वॉर्डातल्या इन-चार्ज सिस्टरना भेटा. प्रमुखांना किंवा मेट्रनना बरोबर नेऊ नका, नाहीतर उत्तर आधीच ठरलेलं असेल. फॉर्म आणि लाल पेन त्यांच्या हातात द्या आणि विचारा, यातलं काय खोडू? मग ऐका, बचाव करू नका. प्रत्येक पाळीतून एकेक संपर्क व्यक्ती सुचवायला सांगा, मदतनिसांपैकीही एक. हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवण्याच्या, वेळी पाच मिनिटं मागा, त्याहून जास्त नको, आणि रात्रीच्या पाळीसाठी स्वतः रात्री जा, सकाळी थकून घरी निघालेल्यांना थांबवून ठेवू नका. जमलेल्या सूचना घेऊन दुरुस्ती एथिक्स कमिटीकडे पाठवा. ती मंजूर होईपर्यंत नवे रुग्ण घेणं थांबवता आलं तर उत्तम. जुन्या फॉर्ममधले रिकामे रकाने आता कोणाकडून भरून घेऊ नका. जे नाही ते नाही म्हणून नोंदवा, आणि प्रोटोकॉल कुठे पाळला गेला नाही ते विचलनांच्या नोंदीत लिहा. शोधनिबंधात ते प्रामाणिकपणे सांगता येतं.

एवढं करूनही एखादा वॉर्ड नाही म्हणाला, तर ते मान्य करा. त्यांच्याकडे माणसं कमी असतील, नुकतंच काही वाईट घडलेलं असेल, किंवा चार तासांचा गट त्यांच्या रुग्णांसाठी योग्य नाही असं त्यांना मनापासून वाटत असेल. वरून आदेश आणवून तो वॉर्ड ओढत नेलात तर तिथून येणाऱ्या नोंदी उरलेल्या वॉर्डांच्या चांगल्या नोंदीही गढूळ करतील. तीन वॉर्डांवर अभ्यास होतो का, रुग्णसंख्या गाठायला किती महिने जास्त लागतील, हे तुमच्या सांख्यिकी तज्ज्ञाबरोबर नव्याने मांडा आणि तो आकडा घेऊनच एथिक्स कमिटीकडे जा. फॉर्मचा सध्याचा नमुना, रुग्णांची ओळख पटेल असं काहीही न ठेवता, इथे टाकलात तर कोणते रकाने काढता येतील ते मी ओळ न् ओळ बघून सांगेन.